वेशी, वह्या आणि पहारेकरी

शास्त्रभाग : नहेम्या २:११-१८, ७:१-५ व ६१-६५, लूक १४:२८-३०



कचेरीतील संगणक बदलायचे आहेत, त्यांना जोडणारे जाळे नवे टाकायचे आहे, तर ते कमिटीने बसून ठरवावे. त्यात देवाच्या वचनाचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. एके काळी माझ्याही मनात तो येत असे. कमिटीच्या सभेत हा विषय सर्वांत शेवटी, चहा आल्यावर निघे. कोणाचा तरी भाचा दुकानातून भाव काढून आणी, 'चालते आहे तोवर चालू द्या' असे कोणी तरी म्हणे, आणि आम्ही प्रार्थना करून उठत असू. आज या विषयावर लिहितो आहे ते एका चुकीतून शिकल्यामुळे. त्या चुकीत माझाही हात होता, हे आधीच कबूल करतो.

सीमाभागातील आमच्या मंडळीत १९८८ पासूनच्या बाप्तिस्म्यांची एक वही होती. तिला वाळवी लागली. २०११ मध्ये आम्ही तिच्यातील नोंदी संगणकावर टंकून घेतल्या. वहीची पाने हात लावताच तुटत होती, तेव्हा 'आता सर्व संगणकात आहेच' असे म्हणून ती जाळून टाकण्याचा ठराव झाला. त्या ठरावाला अनुमोदन माझे होते.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत कचेरीचे छत एका रात्रीत गळू लागले. संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला होता. सकाळी दार उघडले तेव्हा तो पाण्यात होता. नोंदींची दुसरी प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतलेली होती खरी. पण ती उघडली तेव्हा तिच्यात अर्धीच वही निघाली. आठ वर्षांत ती कोणी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

पुढच्याच महिन्यात एक बहीण मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आली. मुलीचे लग्न परगावच्या मंडळीत ठरले होते व तेथील पाळकांना दाखला हवा होता. त्या बहिणीच्या स्वतःच्या विवाहाची नोंद लगेच सापडली. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे विवाहाची वही कागदावर राहिली होती आणि तिची प्रत निबंधकांकडेही गेलेली होती. मुलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीला मात्र दुसरी प्रत नव्हती. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, यंत्र मंडळीचं गेलं, पण नाव माझ्या लेकीचं गेलं."

दोन वृद्ध सभासदांच्या लेखी साक्षीवर अखेर दाखला देता आला आणि लग्न पार पडले. ते वाक्य मात्र माझ्या कानातून अद्याप गेलेले नाही.

नहेम्याच्या सातव्या अध्यायात अशीच एक गोष्ट आहे. बंदिवासातून परत आलेल्यांमध्ये याजकांची काही घराणी होती. त्यांनी वंशावळीच्या यादीत आपली नावे शोधली, पण ती मिळाली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून वगळण्यात आले. त्यांचे पूर्वज खरोखर याजक होते की नव्हते हे शास्त्र सांगत नाही. नोंद सापडली नाही, एवढेच सांगते. एका ओळीच्या अभावी एका घराण्याची सेवा थांबली. देवाच्या लोकांत नावांची नोंद ठेवणे हे क्षुल्लक काम नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू सांगतो. ज्यांच्याकडे ती नावे जपण्यास दिली आहेत, त्यांना ती हरवून चालणार नाही.

म्हणून कचेरीच्या संगणकांची योजना करताना पहिला प्रश्न 'काय विकत घ्यायचे?' हा नसावा. 'पुन्हा विकत मिळणार नाही असे आपल्याकडे काय आहे?' हा असावा. हे ध्यानात घेऊन नहेम्याच्या मागोमाग पाच पावले चालून पाहू या.

१. आधी पाहणी

नहेम्या यरुशलेमास पोहोचल्यावर तीन दिवस थांबला. मग रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन, कोणाला न सांगता तो निघाला. खोऱ्याच्या वेशीतून बाहेर पडून उकिरड्याच्या वेशीपर्यंत गेला; झऱ्याच्या वेशीपाशी त्याच्या जनावराला पुढे जाण्यास वाट नव्हती, तेथेही त्याने तट निरखून पाहिला. इतके झाल्यावरच तो अधिकाऱ्यांपुढे बांधण्याची गोष्ट बोलला. दगड कोठे ढासळले आहेत हे स्वतः पाहिल्यावाचून त्याने कोणाला कामाला लावले नाही.

आपल्या कमिटीनेही असाच एक फेरफटका मारावा. हातात वही घ्यावी. संगणक किती, कोणत्या वर्षीचे, कोणाच्या ताब्यात; सभासदांची यादी कोठे आहे, अर्पणाचा हिशेब कोठे, दफनभूमीचा नकाशा कोठे, हे लिहून काढावे. तार कोठून कोठे जाते, ती विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेली आहे काय, भूयोजन म्हणजे अर्थिंग नीट आहे काय, यूपीएसची बॅटरी दिवा गेल्यावर किती मिनिटे टिकते, हे पाहावे. पावसात कोणती भिंत ओली होते हे शिपायाला सर्वांपेक्षा अधिक ठाऊक असते, त्यालाही विचारावे.

मराठी मंडळ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पूर्वीची पत्रे, ठराव व प्रार्थनाक्रम ज्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले आहेत, तो फाँट नव्या संगणकावर नसला तर मराठी मजकुराच्या जागी नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. जुना संगणक बंद करण्यापूर्वी हा मजकूर युनिकोडमध्ये आणून, एखाद्या जाणत्या माणसाकडून मूळ प्रतीशी ताडून घ्यावा. जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात, आणि आडनावातील एक चूक पुढे दाखल्यावर जाऊन बसते.

२. दुसरी प्रत

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्याला आग लागली. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये छापणारे विल्यम केरी यांचाच हा छापखाना. कागद जळाला, खिळे वितळले. पण ज्यांच्यापासून खिळे पाडतात ते ठसे आणि साचे राखेतून बरेचसे शाबूत निघाले. वितळलेल्या शिशाचे नवे खिळे ओतले गेले आणि काम फिरून सुरू झाले. इंग्लंडातील बंधुजनांनी पैसाही पाठवला. केरींनी अनेक वर्षे खपून हाताने लिहिलेल्या पौर्वात्य भाषांच्या मोठ्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित मात्र जळाले, आणि तो कोश पुढे कधी पुरा झाला नाही. साचा उरला म्हणून खिळे परत आले. ज्याची दुसरी प्रत नव्हती ते परत आले नाही.

आपल्या कचेरीतही हेच दोन प्रकार आहेत. संगणक, राउटर, स्विच हे खिळे आहेत. पैसे उभे करून ते पुन्हा आणता येतात. बाप्तिस्म्याची नोंद ही हस्तलिखित आहे.

यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत १७ शेकेल चांदीला विकत घेतले. शहराला वेढा पडलेला असताना खरेदीखताच्या दोन प्रती झाल्या, एक मोहोरबंद व एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या पात्रात ठेवण्यास सांगण्यात आले, यासाठी की त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात. ज्या माणसाचा विश्वास एवढा मोठा होता, त्याने मडक्याचीही काळजी घेतली! 'देव सांभाळील' असे म्हणून प्रत न ठेवणे हा विश्वास नव्हे. तो आळस आहे, आणि तो मी केला आहे.

आजच्या जाणकारांचा नियम सोपा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात; त्या निदान दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात; आणि एक प्रत इमारतीच्या बाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. त्यांपैकी एक प्रत एरवी संगणकापासून तोडलेली असावी, कारण खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारे विषाणू जोडलेल्या प्रतीही बिघडवतात. दर तीन महिन्यांनी प्रत उघडून त्यातील दहा नोंदी वाचून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत आहे असे समजू नये. आणि कागदावरची वही, शाईने लिहून पाळकांच्या सहीनिशी, चालूच ठेवावी. वाळवी लागली तर तिची छायाचित्रे घ्यावीत, बांधणी करून घ्यावी. पण जाळू नये.

३. वेशी

तट बांधून दारे बसवल्यावर नहेम्याने वेशींचा नियम घालून दिला. ऊन चढेपर्यंत वेशी उघडायच्या नाहीत. पहारेकरी उभे असतानाच दारे लावून अडसर घालायचे. तट कितीही उंच असला तरी वेस सताड उघडी असेल तर त्याचा उपयोग काय?

आपल्याकडे वायफायचा पासवर्ड फलकावर खडूने लिहिलेला असतो. उपासनेला आलेला तरुण, मंडपवाला, गाण्याच्या सरावाला आलेली मुले आणि खजिनदारांचा संगणक, सर्व एकाच जाळ्यावर. जुन्या घरात पाहुण्याला ओसरीवर बसवत, घरची माणसे माजघरात वावरत आणि धान्याच्या कोठीची किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला असे. त्यात पाहुण्याचा अपमान नव्हता. ती घराची शिस्त होती. जाळ्याचेही तसेच तीन भाग करता येतात : पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय, कचेरीच्या कामासाठी वेगळे, आणि हिशेबासाठी त्याहून बंदिस्त. प्रत्येक सेवकाला स्वतःच्या नावाचे खाते द्यावे, त्याला हवे तेवढेच दार उघडावे, आणि सेवेतून निवृत्त झाल्यावर ते खाते त्याच आठवड्यात बंद करावे. बँक व ईमेल यांना पासवर्डशिवाय दुसरी खूणही लावून घ्यावी.

जुन्या वेशींची डागडुजीही वेळेवर हवी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर हाहाकार उडवला. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती; ज्यांनी ती करून घेतली नव्हती ते सापडले. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. म्हणून कोणते यंत्र सुधारता येईल, कोणते बदलावे लागेल आणि कोणते लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून साध्या कामाला वापरता येईल, हे पाहणीच्या वहीत नोंदवावे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना येथे एक विनंती आहे. मुलांची नावे, जन्मतारखा, घरचे पत्ते व छायाचित्रे आपल्या हाती असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. कायदा नसता तरी लहान लेकरांविषयी प्रभूचे मन आपल्याला ठाऊक आहे. नाताळच्या कार्यक्रमाची छायाचित्रे सर्वत्र पाठवण्यापूर्वी आईबापांना विचारावे, आणि वर्गाची यादी स्वतःच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे ठेवू नये.

४. आधी बसून हिशेब

बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाही तर पाया घालून थांबल्यावर पाहणारे हसतात, असे प्रभूने शिष्यत्वाविषयी बोलताना सांगितले. दाखला शिष्यत्वाचा आहे. पण तो देताना प्रभूने रोजच्या व्यवहारातील शहाणपण खरे मानले आहे, हेही आपण पाहावे.

आपल्याकडे अर्धे बुरूज फार. रौप्यमहोत्सवाला कोणी भाविक संगणक अर्पण करतो, त्यावर नावाची पट्टी लागते, छायाचित्र निघते. यूपीएसच्या बॅटरीवर मात्र कोणी आपले नाव घालीत नाही. म्हणून खर्चाचे दोन रकाने करावेत : एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षी होणारा. दुसऱ्या रकान्यात इंटरनेट, बॅटरी, बाहेरील प्रतीचे भाडे, दुरुस्ती आणि माणसांचे शिक्षण येते. कचेरीत पाच संगणक असतील तर पाचही एकदम बदलण्यापेक्षा दरवर्षी एक बदलावा. पाच वर्षांत फेरी पूर्ण होते आणि कोणत्याही एका वर्षाच्या अंदाजपत्रकावर भार पडत नाही.

तारेच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. भिंतीत घातलेली तार संगणकापेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकते. कॅट ६ जातीची चांगली तांब्याची तार घ्यावी आणि तिची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. मंदिर, कचेरी आणि पाळकांचा बंगला यांच्यात अंतर असेल तर इमारतींमध्ये काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची तार घालावी. वळवाच्या विजेचा झटका तांब्यातून एका इमारतीतून दुसरीत जातो, काचेतून जात नाही.

पैशाच्या व्यवहारात पौलाचा कित्ता गिरवावा. यरुशलेमातील पवित्र जनांसाठी जमवलेली मोठी देणगी त्याने एकट्याने नेली नाही. कोणी दोष ठेवू नये म्हणून इतर बंधू बरोबर घेतले. (२ करिंथ ८:१८-२१) देवासमोर जे चांगले ते मनुष्यांसमोरही चांगले दिसावे, याची त्याला काळजी होती. तेव्हा तीन ठिकाणचे लेखी भाव मागवावेत. दुकान कमिटीतील कोणाच्या नातेवाइकाचे असेल तर त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर बसावे.

५. पहारेकरी

तट ५२ दिवसांत पुरा झाला. तो एकट्या नहेम्याने बांधला नाही. तिसरा अध्याय पाहा : याजकांनी हात लावला, सोनारांनी व सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांनी लावला, शल्लूमाच्या मुलींनीही लावला; पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही, हेही तेथे लिहून ठेवले आहे. आपल्या तरुण संघात संगणक जाणणारी मुले-मुली आहेत. त्यांना बोलवावे. पण सर्व ज्ञान एकाच्या डोक्यात आणि सर्व पासवर्ड एकाच्या खिशात राहू देऊ नयेत. तो मुलगा उद्या पुण्याला किंवा परदेशी नोकरीला गेला की मंडळी दाराबाहेर उभी राहते. दोघांना काम शिकवावे. पासवर्ड व जाळ्याचा नकाशा मोहोरबंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवावा आणि तो पाळक व सचिव या दोघांच्या सहीनेच उघडावा. कचेरीत वीस वर्षे काम केलेल्या वृद्ध लेखनिकालाही नवी पद्धत धीराने शिकवावी. त्यांना ओझे वाटेल असे बोलू नये.

काम पुरे झाल्यावर नहेम्याने यरुशलेमावर कोणाला नेमले? आपला भाऊ हनानी आणि किल्ल्याचा अधिकारी हनन्या यांना. हनन्याविषयी शास्त्र दोनच गुण सांगते : तो विश्वासू होता आणि पुष्कळांपेक्षा देवाचे भय अधिक बाळगणारा होता. कुशलता शिकवता येते. हे दोन गुण आधी पाहावे लागतात.

प्रियजनहो, त्या बहिणीच्या लेकीचे नाव आम्ही नव्या वहीत पुन्हा लिहिले. लिहिताना माझा हात जड झाला होता. मंडळीतील आणखी किती घरांच्या ओळी गेल्या असतील, हे मोजण्याचे काम अजून चालू आहे. घरोघरी जाऊन जुने दाखले, कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा आम्ही जमवीत आहोत. प्रत्येक घरात गेल्यावर आधी क्षमा मागावी लागते.

कोकऱ्याच्या जीवनाच्या पुस्तकाला ना वाळवी लागते, ना ते पाण्यात भिजते. तेथील नोंद आपल्या निष्काळजीपणाने पुसली जात नाही, हा आपला मोठा दिलासा आहे. पण ज्या धन्याने ती नावे आपल्या हातांवर कोरली आहेत, त्याने त्याच नावांची पृथ्वीवरील वही काही काळ आपल्या कचेरीत ठेवली आहे. हिशेबाच्या दिवशी तो यंत्राची किंमत विचारणार नाही. जपण्यास दिलेल्यांविषयी विचारील.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांस नावाने ओळखतोस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या हयगयीची क्षमा कर. आमच्या मंडळ्यांच्या कमिट्यांना पाहण्यास डोळे, बसून विचार करण्यास धीर आणि लहानशा कामात विश्वासू राहण्यास कृपा दे. आमच्या वह्या, आमच्या वेशी आणि आमचे पहारेकरी तू राख. येशूच्या नावाने मागतो. आमेन.